खलाटीतली भातकापणी: उतारा आणि यंत्राचा खर्च (प्रकल्प नोंदी, खरीप २०२४)

राजापूर तालुका, समुद्रापासून तीन किलोमीटर आत. पावसाळी भाताची खलाटी (खालची सपाट भातजमीन), वर जांभ्याची वरकस (उतारावरची हलकी जमीन). हळवे (लवकर तयार होणारे) वाण कर्जत-३, निमगरवे (मध्यम मुदतीचे) रत्नागिरी-८. दोन्हींची पेर १० जूनच्या आसपास झाली.

२१ सप्टेंबर

आज कुणगे (बांधांनी वेगळे केलेले भाताचे तुकडे) मोजले. सातबाऱ्यावर १२४ गुंठे आहेत. मेरा (बांध) वगळून टेपने मोजल्यावर प्रत्यक्ष भाताखाली ११२ गुंठे भरले. म्हणजे दहा टक्क्यांच्या जवळपास जमीन नुसती मेरांखाली आहे. यापुढे उतारा (गुंठ्यामागे निघालेले भात) आणि खर्च, दोन्ही या ११२ गुंठ्यांवरच काढायचे. एकाने सातबाऱ्याचा आकडा धरला आणि दुसऱ्याने निव्वळ क्षेत्राचा, तर त्यांचे उतारे एकमेकांशी जुळवण्यात अर्थ उरत नाही.

एकूण ४५ कुणगे. विळ्याला १२ गुंठे, ब्रशकटरला (हातात धरायचे फिरत्या पात्याचे यंत्र) १०, चालत ढकलायच्या रीपरला (भात कापून रांगेत टाकणारे यंत्र) ५४ आणि खालच्या अंगाचे मोठे कुणगे, ३६ गुंठे, पट्ट्यावर चालणाऱ्या कंबाइनला (कापणी आणि मळणी एकदम करणारे यंत्र). रीपरच्या वाट्याला २६ कुणगे आले, म्हणजे सरासरी दोन गुंठ्यांचा एक. कंबाइनच्या ३६ गुंठ्यांत कुणगे फक्त आठ. हा फरक पुढे प्रत्येक आकड्यात दिसणार आहे.

हळव्या भाताचे पाणी आज मोडले. कापणीच्या आधी आठ-दहा दिवस शेत कोरडे व्हायला हवे. मेरेला खांड (पाणी काढायची वाट) पाडले तरी कुर्ल्यांच्या बिळांतून वरच्या कुणग्याचे पाणी खालच्यात झिरपत राहते. ती बिळे चिखलाने आधी बुजवायची आणि मग खांड पाडायचे, हाच क्रम ठेवावा.

२८ सप्टेंबर

रीपरची तयारी. कापणीची रुंदी १.२ मीटर, पेट्रोल इंजिन. कटरबारची (कापणाऱ्या पट्टीची) त्रिकोणी पाती एकूण सोळा, दोन पात्यांच्या मध्यांतले अंतर ७६ मिलिमीटर. काम या क्रमाने केले.

आधी पाती. दोन पात्यांची धार गेली होती. रिव्हेट तोडून नवी पाती बसवली. सरकते पाते आणि खालची स्थिर पट्टी यांत फट राहिली तर ताट कापले न जाता दुमडते आणि मुळासकट उपटले जाते. पकडपट्ट्यांचे बोल्ट आवळून पाते हाताने सहज सरकेल, पण वरखाली हलणार नाही, एवढे ठेवले. मग पाते एका टोकाला नेऊन पाहिले. पात्याचे टोक कटरबारच्या पुढे आलेल्या दात्याच्या, म्हणजे बोटाच्या, मधोमध आले पाहिजे. ते सरकलेले असेल तर प्रत्येक फेऱ्यात अर्धे ताट कापायचे राहते. आमचे चार मिलिमीटर बाहेर होते. पाते हलवणाऱ्या दांड्याची लांबी बदलून ते नीट केले.

ताटे बाजूला नेणाऱ्या दोन पट्ट्यांपैकी वरचा सैल होता. मधोमध अंगठ्याने दाबल्यावर साधारण बोटभर खाली जाईल इतका ताणला. याहून जास्त ताणला तर बेअरिंगवर जोर येतो. गिअरबॉक्स आणि इंजिनचे तेल बदलले, हवेची जाळी धुतली, ग्रीस भरले.

५ ऑक्टोबर

हळव्या भाताच्या लोंब्यांतले ८० ते ८५ टक्के दाणे पिवळे झाले आहेत. उताऱ्याचा अंदाज घेण्यासाठी ५ × ५ मीटरचे तीन चौकोन चिठ्ठी टाकून ठरवले आणि कापले. नजरेला चांगला दिसणारा कोपरा निवडला की उतारा हमखास फुगतो, म्हणून चिठ्ठी.

ओले वजन १२.९, ११.२ आणि ९.६ किलो. तिसरा चौकोन आंब्याच्या सावलीत आला, तोही धरायचाच. सरासरी ११.२३ किलो, ओलावा २३.५ टक्के.

१४ टक्के ओलाव्यावर आणण्यासाठी ओल्या वजनाला (१०० वजा ओलावा) ने गुणून ८६ ने भागायचे. ११.२३ × ७६.५ ÷ ८६ म्हणजे २५ चौरस मीटरला ९.९९ किलो. गुंठा १०१.१७ चौरस मीटरचा, म्हणून ४०.४ किलो गुंठ्याला, हेक्टरी सुमारे ४० क्विंटल. ओलावा न लावता थेट वजन धरले असते तर ४५.५ किलो आले असते. शेतावर ऐकू येणाऱ्या उताऱ्यांतली बरीच वाढ ही पाण्याचीच असते.

७ ऑक्टोबर

रीपरचा पहिला दिवस. नऊ कुणगे, १८ गुंठे.

यंत्र कापलेली ताटे उजव्या हाताला टाकते. उभे भात डावीकडे राहिले पाहिजे, म्हणजे कुणग्यात घड्याळाच्या उलट दिशेने फिरायचे. पहिल्या फेरीत ताटे मेरेवर पडून अडकू नयेत म्हणून कडेने दीड मीटरचा पट्टा आणि चारही कोपरे विळ्याने आधी कापून घेतले. दोन माणसांना तीन तास लागले. हा पट्टा कापताना मेरेवरून घसरलेले जांभ्याचे दगड उचलून टाकायचे. एक दगड गवतात राहिला आणि दोन पाती तुटली.

कामाला लागलेला वेळ घड्याळ लावून मोजला. एकूण १४४ मिनिटे. प्रत्यक्ष कापणी ४१, वळणे ४७, एका कुणग्यातून दुसऱ्यात नेणे ३३, अडकलेला पेंढा काढणे १५, पेट्रोल आणि किरकोळ ८. ताशी अडीच किलोमीटर चालीने १.२ मीटर रुंदीत तासाला जवळपास ३० गुंठे व्हायला हवेत. झाले साडेसात. यंत्राची माहितीपत्रके कापणीचा वेग सांगतात. आपल्या खलाटीत मात्र सत्तर टक्क्यांहून जास्त वेळ कापणीबाहेरच जातो.

यंत्राने गळवलेले दाणे एक चौरस मीटरच्या चौकटीत मोजले. कापणीपूर्वी जमिनीवर सरासरी ८ दाणे होते. सकाळी साडेनऊ ते अकरा कापलेल्या भागात ७४. आपल्या शेतातल्या वाळलेल्या हजार दाण्यांचे वजन २४ ग्रॅम भरले. म्हणून ६६ दाणे म्हणजे १.६ ग्रॅम, गुंठ्याला १६० ग्रॅम. दुपारी दीडनंतर तोच आकडा १९० दाणे, म्हणजे निव्वळ १८२, गुंठ्याला ४४० ग्रॅम. दव उडून गेल्यापासून अकरापर्यंतची वेळ सर्वांत चांगली. उन्हात लोंबी कडक झाली की पट्ट्याच्या खिळ्यांचा मार बसून दाणे सुटतात. सकाळी फार लवकर सुरू केले तर मात्र ओली ताटे ताराचाकांत (ताटे आत ओढणाऱ्या चांदणीसारख्या चाकांत) गुंडाळतात.

खुंट ८ ते १० सेंटिमीटर उरतो. कोकण कृषी विद्यापीठाच्या वैभव विळ्याने जमिनीलगत कापता येते, त्यामुळे खोडकिडीच्या अळ्या पेंढ्याबरोबर शेताबाहेर जातात. रीपरच्या खुंटात त्या राहतात. ज्या कुणग्यांत पुढे वाल-कुळीथ करायचे नाहीत, तिथे कापणीनंतर लगेच नांगर घालायचा.

९ ऑक्टोबर

विळ्याचे १२ गुंठे संपले. कापायला तीन माणसांचा एक दिवस, बांधून खळ्यावर आणायला दोन माणसांचा. गळ निव्वळ २२ दाणे, म्हणजे अर्धा ग्रॅमच. दाणे राखण्यात विळ्याची बरोबरी कोणतेच यंत्र करत नाही, हे मान्य करूनच पुढचा हिशेब मांडायला हवा.

मजुरी सर्वांना सरसकट ४५० रुपये धरली आहे. कापणीचे काम बाई आणि पुरुष सारखेच करतात. दर वेगळा लावायला कारण नाही.

११ ऑक्टोबर

काल दुपारी गडगडाटासह परतीचा पाऊस झाला, रात्रीही थांबला नाही. १६ गुंठे हळवे भात आडवे झाले. आडवे झालेले सगळे खालच्या ओलसर कुणग्यांतले, आणि तिथेच युरियाचा शेवटचा हप्ता मुठीमुठीने जास्त पडला होता. वरच्या कुणग्यांतले त्याच वाणाचे भात उभे आहे.

७ तारखेला कापलेले भारे मेरेवर लोंब्या वर करून उभे केले होते, ते वाचले. तीन कुणग्यांतली कापलेली रांग जमिनीवरच राहिली होती. ती आज उलटून पसरली. भिजलेला भारा तसाच उडवीत (भाऱ्यांच्या रचलेल्या ढिगात) घातला तर आत वाफ धरते, दाणा पिवळा पडतो आणि पेंढ्याला वास येतो. गुरे तो पेंढा तोंडातही घेत नाहीत.

१५ ऑक्टोबर

आडवे भात रीपरने कापले. भात ज्या दिशेला झुकले आहे, तिच्या उलट दिशेनेच यंत्र घालायचे. झुकावाच्या दिशेने घातले तर पाते लोंब्यांवरून जाते. म्हणजे एका बाजूने कापत जायचे आणि रिकामे परत यायचे. तासाला ४.१ गुंठेच झाले. चाक तीन ठिकाणी रुतले. टाचेने जोर देऊन उभे राहिल्यावर टाच दोन-तीन सेंटिमीटरच आत गेली तरच यंत्र न्यावे, पाच सेंटिमीटरच्या पुढे नाही. दोन कुणगे आज सोडून द्यायला हवे होते.

गळ निव्वळ २६० दाणे, गुंठ्याला ६३० ग्रॅम. पात्याखाली राहिलेल्या लोंब्या हाताने वेचल्या, त्यांचे ११ किलो भात निघाले. शंभर दाण्यांत चार मोडाचे. ते बियाण्यातून बाद. हे भात कांडपालाच जाईल.

ब्रशकटरही आजच लावला. दहा गुंठे उभे भात, ८० दात्यांचे पाते आणि ताटे एका अंगाला लोटणारी जाळी. पेट्रोलमध्ये लिटरला २५ मिलिलिटर टू-स्ट्रोक तेल. तासाला १.६ गुंठे. गळ १४० दाणे. रांग नीट पडत नसल्याने बांधणीला जास्त हात लागतात. उताराच्या अरुंद चोंड्यांत (शेताच्या छोट्या तुकड्यांत), जिथे रीपर वळतच नाही, तिथेच याचा उपयोग. डोळ्यांना चष्मा आणि पायांत बूट असल्याशिवाय सुरू करू नये. जांभ्याचा खडा गोळीसारखा उडतो.

१९ ऑक्टोबर

७ तारखेच्या १८ गुंठ्यांची झोडणी, विजेच्या मोटरवरचे मळणी यंत्र. चार माणसे, पाच तास. भारा ओलसर असेल तर दाणा लोंबीवरून सुटत नाही. तो सुटावा म्हणून ढोलाचा वेग वाढवला की दाणा सोलला जातो आणि गिरणीत कणी वाढते. वेग वाढवण्यापेक्षा भारे आणखी अर्धा दिवस उन्हात ठेवणे बरे.

वारवून पळींज (पोकळ दाणे) काढल्यावर ७१६ किलो, ओलावा १७ टक्के. १४ टक्क्यांवर ६९१ किलो. गुंठ्याला ३८.४ किलो.

चौकोनाचा अंदाज ४०.४ होता. दोन किलोंची तूट कुठे गेली, ते शोधले. रीपरची गळ पाव-अर्धा किलो. झोडलेल्या पेंढ्यातून दहा पेंढ्या पुन्हा आपटून पाहिल्या, त्यावरून गुंठ्याला अर्धा किलो पेंढ्यात गेले. उरलेला किलोभर मेरेकडच्या ओळींचा असावा: तिथे सावली, उंदीर आणि कुर्ल्या. चौकोन कुणग्याच्या आत पडतो, मेरेला लागून पडत नाही, म्हणून तो नेहमी थोडा जास्तच सांगतो. छोट्या कुणग्यांत मेरेकडच्या ओळींचे प्रमाण मोठे, त्यामुळे ही तूट आपल्याकडे देशावरच्यापेक्षा जास्त राहणार.

वाळवण खळ्यावर, चार सेंटिमीटरचा थर, अर्ध्या तासाने पायाने नांगरायचा. पातळ थर भर दुपारच्या तापलेल्या सिमेंटवर टाकला तर दाण्याला आतून चीर जाते आणि कांडपात तुकडा होतो.

२३ ऑक्टोबर

निमगरव्याचे २० गुंठे रीपरने. यावेळी दोन बदल केले. मेरांना दीड मीटर रुंद खिंडी पाडून ठेवल्या आणि उंची जास्त असेल तिथे अडीच मीटरच्या दोन फळ्या टाकल्या. नऊ कुणग्यांत यंत्र हलवायला पहिल्या दिवशी ३३ मिनिटे लागली होती, आज १४. एकूण १२५ मिनिटे, तासाला ९.६ गुंठे. खिंडी पाडून पुन्हा बुजवायला एका माणसाचा अर्धा दिवस गेला. यंत्रावर पैसे न घालता मिळालेली ही सर्वांत मोठी सुधारणा.

वळणांचा वेळ मात्र तसाच, ४८ मिनिटे. तो कमी करायचा तर लावणी कुणग्याच्या लांबीला समांतर ओळीत व्हायला हवी. चारसूत्री भात लागवडीतली १५ आणि २५ सेंटिमीटरची आलटून-पालटून ओळ रीपरला सोयीची आहे. २५ च्या पट्ट्यात चाक चालते आणि चूड (एका जागी लावलेल्या रोपांचा झुपका) तुडवले जात नाही.

२८ ऑक्टोबर

भाड्याचे कंबाइन आले. दोन मीटर रुंद, पट्ट्यावर चालणारे, वजन तीन टनांच्या आसपास. ३६ गुंठे ३ तास १० मिनिटांत. अकरा वाजता सुरू केले. त्याआधी पेंढा ओला असल्याने चाळण्या बंद पडतात.

पहिल्या कुणग्यात मागे पडणाऱ्या पेंढ्यात भरलेले दाणे दिसले. यंत्राच्या पूर्ण रुंदीत, दोन मीटर लांब आणि अर्धा मीटर रुंद पट्टी आखून त्यातले दाणे वेचले: ५.२ ग्रॅम. नुसत्या मधल्या भागात चौकट ठेवली तर आकडा फसवतो, कारण पेंढा तिथेच जास्त पडतो. पंख्याचा वारा कमी केला, चाल एका टप्प्याने उतरवली. पुढच्या कुणग्यात ३ ग्रॅम. चालकाला हे करायला सांगावे लागते. भाडे तासावर असल्याने चाल कमी करण्याचा खर्च आपल्याला पडतो, पण तेवढे दाणे वाचतात.

मेरा तीन ठिकाणी फुटल्या. मातीच्या पोत्यांचे उतार केले होते, तरी वळताना पट्ट्याने कड खाल्ली. दुरुस्तीला चार मजूरदिवस.

भात संध्याकाळी पोत्यांत होते, ओलावा २१.५ टक्के, वजन १,७३५ किलो. ते रात्रभर पोत्यांत ठेवता येत नाही, तापते. चार सेंटिमीटरच्या थराने पसरायला ७५ चौरस मीटर खळे लागले. आपले खळे ४० चौरस मीटरचे. उरलेले ताडपत्रीवर शाळेच्या मागच्या मोकळ्या जागेत. कंबाइन बोलावण्याआधी खळ्याचे क्षेत्र मोजायला हवे होते, तो विचार आम्ही केला नव्हता.

१४ टक्क्यांवर १,५८४ किलो, गुंठ्याला ४४ किलो.

पेंढा निम्माच गोळा झाला, तोही तुटका. लांब पेंढा कोकणात गुरांपुरता नाही. आंब्याच्या अढीला आणि पेट्यांत घालायला फेब्रुवारीपासून तोच लागतो. कंबाइनच्या तुकड्याला ते गिऱ्हाईक नाही.

९ नोव्हेंबर

खर्च, गुंठ्याला रुपयांत, भात वाळवून पोत्यात भरेपर्यंत. हळव्या भाताचे आकडे ७ ते १५ ऑक्टोबरचे, आडवे भात वेगळे ठेवले आहे.

विळा: कापणी ११२, बांधणी-वाहतूक ७५, झोडणी १०४, वाळवण १२. एकूण ३०३. उतारा ३८.९ किलो, क्विंटलला सुमारे ७८०.

ब्रशकटर: कापणी १२७, बांधणी ९०, पुढचे तसेच. एकूण ३३३. उतारा ३७.२, क्विंटलला सुमारे ९००.

रीपर: यंत्र ५३, चालक १७, पेट्रोल ११, कडा हाताने कापणे १९, म्हणजे कापणी १००. रांग सरळ पडत असल्याने बांधणी ६५. एकूण २८१. उतारा ३८.४, क्विंटलला सुमारे ७३०.

कंबाइन: भाडे तासाला २,६०० प्रमाणे ८,२३३, वाहून आणण्यातला आमचा वाटा १,०००, मेरा १,८००, उतार आणि कोपरे ६७५, पोती ४५०, वाळवण ९००. एकूण १३,०५८, गुंठ्याला ३६३. पेंढा किलोला तीन रुपये धरला तर हातचा गेलेला निम्मा पेंढा गुंठ्याला ६६ रुपयांचा. वाण वेगळे असल्याने याची क्विंटलची तुलना वरच्यांशी करू नये.

सर्वसाधारण भाताचा खरीप २०२४ चा हमीभाव २,३०० रुपये क्विंटल होता. सर्वांत स्वस्त पद्धतीतही त्यातला ३२ टक्के भाग कापणीपासून पोत्यापर्यंतच जातो. नांगरणी, लावणी, खत अजून यात नाही.

रीपरच्या ५३ रुपयांचा हिशेब: किंमत १,१०,०००, आयुष्य आठ वर्षे, शेवटी दहा टक्के मोल. घसारा १२,३७५, सरासरी भांडवलावर दहा टक्के व्याज ६,०५०, दुरुस्ती ५,५००. वर्षाला २३,९२५. साठ तास चालले तर तासाला ३९९ रुपये, दीडशे तास चालले तर १६०. आपल्या ५४ गुंठ्यांत ते जेमतेम साडेआठ तास चालले. साठ तास भरायला एवढेच क्षेत्र असलेले सात जण हवेत. एकट्याने घेतले तर विळ्यापेक्षा कितीतरी महाग पडते. शासनाच्या महाडीबीटी पोर्टलवर अर्ज करून पूर्वसंमती आल्यावर मिळणारे अनुदान या हिशेबात घेतलेले नाही, कारण यंत्र परवडते की नाही हे अनुदानाशिवायच कळायला हवे.

विळ्याच्या तुलनेत गुंठ्यामागे २२ रुपयेच वाचले, तरी आम्ही रीपरच ठेवतो आहोत. १८ गुंठे विळ्याने कापायला साडेचार मजूरदिवस लागले असते, आणि ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात गावात सगळ्यांचीच कापणी असल्याने तेवढी माणसे एकदम मिळत नाहीत. १० तारखेच्या पावसाआधी ते १८ गुंठे कापून झाले होते आणि तीन कुणगे सोडून बाकीचे भारे मेरेवर उभे होते. पावसात सापडलेल्या १६ गुंठ्यांचा उतारा ३५.९ भरला. ही अडीच किलोंची तूट हमीभावाने ५७ रुपये गुंठ्याला, शिवाय मोडाचे भात.

कंबाइनला सलग दहा-पंधरा गुंठ्यांची खाचरे मिळाली तर तासाला दुप्पट काम होईल आणि मेराही फुटणार नाहीत. खाडीकाठच्या खारपट्टीतल्या लांब खाचरांत ते बसेल. या खलाटीत पुढच्या वर्षी नको.

१६ नोव्हेंबर

हळव्याच्या नांगरलेल्या कुणग्यांखेरीज इतरांत ओलीवर वाल टोकला. खुंट उभा असला तरी टोकणीला अडचण येत नाही.

रीपर ठेवणीला. समुद्राची खारी हवा पात्याला पंधरा दिवसांत गंज चढवते. गोड्या पाण्याने धुऊन, उन्हात पूर्ण वाळवून, कटरबारला जुने इंजिन तेल चोपडले. टाकीतले पेट्रोल काढले आणि कार्ब्युरेटर रिकामा होईपर्यंत इंजिन चालवले. पट्टे सैल करून ठेवले. यंत्र जमिनीवर न ठेवता फळीवर. जूनआधी आणायचे: पाती सहा, रिव्हेट एक डझन, वरचा पट्टा एक.